सायकलचा स्वस्त रिपेअर स्टँड आणि मुलांचा ट्रेलर: इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी अंगणात रिपेअर स्टँडवर सायकल टांगलेली दिसली की राजेंद्रनगरात जाणारा-येणारा आमच्या फाटकाशी थांबतोच. त्यात जिन्याखालचा, मुलांना बसवून सायकलीमागे ओढायचा ट्रेलर बाहेर काढलेला असेल तर विचारूच नका. प्रश्न मात्र तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतेय. घरात चार सायकली आहेत: बाबांची (सासऱ्यांची) बावीस इंची काळी, नवऱ्याची गिअरची, माझी हायब्रिड आणि लेकीची सोळा इंची. चारही घरीच दुरुस्त होतात.

एक आधीच सांगते. या दोन्ही वस्तू घेताना लोक पाइप बघतात, कापड बघतात, रंग बघतात. बघायचा असतो तो सांधा. स्टँडमध्ये सायकल ज्या जबड्याला लटकते तो, आणि ट्रेलरमध्ये मूल बसलेला डबा ज्या एका कडीनं सायकलीला जोडला जातो ती. खालची बहुतेक उत्तरं फिरून तिथेच येतात.

आधी स्टँडबद्दल

प्र. दुकानात सायकल स्टँड मागितला की साइड स्टँड काढून देतात. नेमकं काय मागायचं?

‘रिपेअर स्टँड’ किंवा ‘वर्क स्टँड’ म्हणा, आणि हातानं दाखवा: सायकल जमिनीपासून वर, दोन्ही चाकं मोकळी. तरी दुकानदार मागच्या चाकाला टेकवायचा शोरूममधला छोटा स्टँड दाखवेल. तोही एक प्रकार आहे, पण त्यात सायकल छातीच्या उंचीवर येत नाही.

प्र. मला तो खरंच लागेल का?

फक्त पंक्चर काढत असाल तर नाही. मिस्त्री लोक जन्मभर सायकल उलटी करून काम करतात आणि उत्तम करतात. स्टँडची किंमत कळते ती गिअर लावताना. एका हातानं पेडल फिरवायचं, दुसऱ्या हातानं गिअर बदलायचा, आणि चेन कोणत्या दात्यावर अडखळते ते डोळ्यांसमोर बघायचं. उलट्या सायकलीवर हे करता येतं, पण शिफ्टर जमिनीशी दाबलेले असतात आणि तुम्ही गुडघ्यांवर. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक असतील तर उलटी ठेवूच नका; ब्रेकच्या टाकीतली हवा नळीत शिरते आणि लिव्हर मऊ पडतो.

दुसरं कारण अस्सल माळव्याचं. पावसाळ्यात सुपर कॉरिडॉरच्या पलीकडच्या कच्च्या रस्त्यावर एकदा जाऊन या. आपली काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये अशी बसते की चाक फिरत नाही. वाळली की दगड. आणि रंगपंचमीच्या गेरनंतर (आपल्या रंगांच्या मिरवणुकीनंतर) चेनमध्ये गेलेला गुलाल! तेलात कालवलेला गुलाल म्हणजे दाते घासायचा लेपच. तेव्हा सायकल टांगून, चेन फिरवत फिरवत ब्रशनं धुण्यासारखं सुख नाही.

प्र. किती प्रकार असतात, आणि स्वस्तात कोणता घ्यावा?

बाजारात मुख्य चार दिसतात.

मागच्या चाकाचा आकडा असलेला छोटा स्टँड. मागचं चाक दोन-चार बोटं उचललं जातं. साफसफाई आणि मागचे गिअर लावणं एवढ्यापुरता ठीक. हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळतो. वाकून काम करावं लागतं, पण जागा अजिबात खात नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत काम करणाऱ्याला मी आधी हाच घ्यायला सांगते.

भिंतीवर बसवायचा जबडा. घर स्वतःचं असेल आणि भिंत विटांची असेल तर पैशाच्या मानानं सगळ्यांत भक्कम. भाड्याच्या घरात घरमालकाला विचारून.

घडीचा, जबड्याचा उभा स्टँड. स्टँड म्हटलं की बहुतेकांच्या मनात हाच असतो. स्वस्त मॉडेलं साधारण तीन ते सात हजारांत दिसतात. सीटच्या दांडीला (मिस्त्री सीट पिलर म्हणतात) पकडतो, उंची कमी-जास्त होते, सायकल तिरकी फिरवता येते.

आणि एक्सल-स्टँड (एक्सल म्हणजे चाकाचा आस): पुढचं चाक काढायचं, चिमटा पुढच्या खाचेत अडकवायचा, पेडलच्या जागेखालचा भाग पाळण्यासारख्या आधारावर टेकवायचा. शर्यतींचे मेकॅनिक हा वापरतात. फ्रेमला कुठेच चिमटा बसत नाही, म्हणून नाजूक फ्रेमला उत्तम. पण प्रत्येक वेळी पुढचं चाक काढायचा कंटाळा येतो, आणि स्वस्तात चांगला मिळतही नाही.

पार्क टूल या अमेरिकी कंपनीचं नाव सगळीकडे ऐकू येईल. १९६३ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉलला दोन सायकल दुकानदारांनी, वाकून वाकून कंटाळल्यावर, स्वतःपुरता एक स्टँड बनवला, तिथून ती सुरू झाली. माल सुंदर आहे. पण घरच्या तीन-चार सायकलींसाठी एवढे पैसे घालायची गरज मला कधी वाटली नाही.

प्र. ऑनलाइन स्वस्त स्टँड निवडताना काय तपासू?

जबडा. आणि नंतर परत जबडा.

आमचा पहिला स्टँड जबड्यामुळेच गेला. पाय धातूचे, खांब धातूचा, वर चुंबकाची हत्यारं ठेवायची ताटली, आणि जबड्याचं डोकं प्लॅस्टिकचं. आठव्या की नवव्या महिन्यात बाबांची काळी सायकल टांगली, पेडल सोडवायला पान्यावर जोर दिला आणि डोकं मधोमध चिरलं. सायकलीला काही झालं नाही. ती काळी सायकल आहे. माझ्या पायाच्या अंगठ्याला झालं.

म्हणून बघायचं ते असं. जबडा आणि खांब जिथे जोडले जातात तो तुकडा धातूचा हवा. जबडा फिरवल्यावर तो नुसत्या घर्षणानं थांबतो की आतल्या दात्यांमध्ये अडकतो, ते फोटो मोठा करून पाहा. दाते असतील तर जड सायकल मागे लोंबत नाही. लिहिलेली क्षमता बघा: स्वस्त स्टँड पंचवीस-तीस किलो सांगतात, पण तो आकडा सायकल नुसती टांगून ठेवण्याचा असतो, तुम्ही पाना ओढता तेव्हाचा नाही. जबड्याची रबरं बदलता येतात का, आणि जबडा किती उघडतो, हेही पाहा. हल्लीच्या सायकलींच्या दांड्या बहुधा २७.२ ते ३१.६ मिलिमीटर असतात. तेवढ्याला सगळेच पुरतात.

पाय तीन असोत की दोन, पसरट हवेत. दोन पायांच्या स्टँडमध्ये सायकल पायांच्याच बाजूला आली पाहिजे. उलटीकडे टांगली की सगळं पाठीवर कोसळतं. पहिल्या दिवशी प्रत्येक जण हे एकदा करतो.

चुंबकाची ताटली, हँडल धरायची दांडी, पिशवी यांचे पैसे देऊ नका. हँडल गरगरतं ते थांबवायला परकराचा जुना नाडा पुरतो.

प्र. बाबांच्या, आजोबांच्या काळ्या सायकलीला चालेल?

चालेल, दोन गोष्टी सांभाळून. एक, ती वीस किलोच्या पुढे जाते, आणि वजनाचा भार मागे असतो: कॅरिअर, चेनकव्हर, जाड स्टँड. दोन, सीट खाली बसवलेली असते, स्प्रिंगा खाली येतात, आणि जबड्याला धरायला दांडी उरतच नाही. दांडीवर खडूनं खूण करा, सीट सात-आठ सेंटिमीटर वर करा, काम झालं की खुणेवर परत आणा. बाबांना खूण एका बोटानं चुकलेलीही कळते.

ते शक्य नसेल तर जुन्या पोलादी फ्रेमचा आडवा दांडा, खाली जाड फडकं गुंडाळून, हलकेच पकडला तर चालतो. हे फक्त जाड पोलादाला. पातळ अ‍ॅल्युमिनियमची नळी जबड्यात दबते, आणि कार्बनची तर आतून तडकते, बाहेर दिसतही नाही. कार्बनच्या सायकलीची दांडीही कार्बनची असेल तर घरात पडलेली एखादी धातूची दांडी तेवढ्यापुरती घाला.

प्र. पैसे न घालवता काही करता येईल का?

येईल, आणि माझं सगळ्यांत आवडतं उत्तर हेच. झोपाळ्याच्या कड्या!

जुन्या इंदुरी मराठी घरात ओसरीला किंवा मधल्या खोलीला चार कड्या असतातच. झोपाळा केव्हाच माळ्यावर गेलेला असतो. त्या कड्या दोन-तीन माणसं झोके घेतील अशा हिशोबानं तुळईत बसवलेल्या. त्यांना वीस किलोची सायकल म्हणजे काहीच नाही. एका बाजूनं दोराचा फास सीटच्या नाकाखाली, दुसऱ्या बाजूनं हँडलच्या मधल्या जोडाखाली. मागचा गिअर छातीच्या उंचीवर येईल इतकी दोराची लांबी ठेवा. सायकल झुलते, ही एकच तक्रार. त्यासाठी खालच्या नळीपासून खिडकीच्या गजापर्यंत एक तिसरा दोर ओढून बांधा. चेन धुणं, गिअर, ब्रेक, चाकाची वेडीवाकडी फिरण सरळ करणं, सगळं होतं. पेडल काढण्यासारखी जोराची कामं होत नाहीत, पण ती स्वस्त स्टँडवरही करू नयेत.

स्लॅबच्या घरात पंख्याच्या हुकाला मात्र हे करू नका. तो हुक पंख्यासाठी आहे, आणि त्यातून वायर गेलेली असते.

प्र. वेल्डरकडून बनवून घेतला तर?

लोहामंडीतून नळी आणून कोणीही वेल्डर तासाभरात उभा सांगाडा करून देईल, आणि तो विकतच्यापेक्षा भक्कम निघेल. अडचण परत तीच: जबडा. आमच्या ओळखीतल्या एकांनी जबड्याऐवजी दोन आडवे हात काढून घेतले, त्यांवर जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं, आणि आडवा दांडा नुसता त्यांवर ठेवतात. पकड नाही, त्यामुळे सायकल फिरवता येत नाही, पण काही तुटायचंही नाही. लेडीज सायकलीला आडवा दांडा नसतो, ते आधी लक्षात घ्या. त्यांच्या घरात ते नंतर लक्षात आलं.

प्र. स्टँडवर कोणती कामं करायची नाहीत?

पेडल सोडवणं-घट्ट करणं, आणि पेडलच्या आसाची (धुरीची) कटोरी काढणं. दोन्हींना अंगाचा जोर लागतो. सायकल जमिनीवर ठेवूनच करा. डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, हे विसरून किती तरी लोक स्टँडला दोष देतात. हँडलच्या छर्ऱ्यांची ढिलाई तपासायचीही ती जमिनीवर, पुढचा ब्रेक दाबून.

प्र. चेन धुतलेलं रॉकेल-डिझेल कुठे टाकायचं?

गटारात नाही. २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या गावात राहतो आपण. बाटलीत निवळू द्या, वरचं परत वापरा, खालचा गाळ कागदात गुंडाळून वेगळा ठेवा आणि कचरागाडीवाल्याला घरगुती घातक कचरा म्हणून द्या.

प्र. ई-सायकल टांगता येईल?

बॅटरी काढून, वजन करून. बऱ्याच ई-सायकली वीस-पंचवीस किलोच्या असतात. स्वस्त स्टँडवर मी टांगत नाही.

आता ट्रेलरबद्दल

प्र. मुलांचा ट्रेलर म्हणजे काय, आणि इंदुरात मिळतो का?

सायकलीच्या मागे जोडायचा दोन चाकांचा, कापडी भिंतींचा डबा. आत एक किंवा दोन मुलं, पाच बिंदूंच्या पट्ट्यांनी बांधलेली. दुकानात मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा उत्तर आलं, “दीदी, ट्रेलर तो पिक्चर का होता है.” तयार माल दुकानात हात लावून पाहायला मिळेल या आशेवर राहू नका. मिळतो तो ऑनलाइन, बाहेरून मागवलेला, किंवा परदेशातून आलेल्या नातेवाइकांच्या सामानात.

नावं माहीत असावीत म्हणून: बर्ली ही अमेरिकेत ओरेगनमधली १९७८ ची कंपनी, क्रोझर जर्मन, आणि थूलेचे चॅरियट हे मूळचे कॅनडाच्या कॅलगरीतले, २०११ मध्ये थूलेनं विकत घेतलेले. यांतलं स्वस्त काही नाही. बिननावाचे स्वस्त ट्रेलर दिसतात. त्यांच्यावर किंवा पुस्तिकेत ईएन १५९१८ हे युरोपीय किंवा एएसटीएम एफ१९७५ हे अमेरिकी मानक छापलेलं आहे का ते आधी बघा. नसेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. स्टँडमध्ये पैसे वाचवायला मी शंभर युक्त्या सांगेन. इथे एकही सांगणार नाही.

प्र. इंदूरच्या रस्त्यांवर ट्रेलर चालवावा का? खरं सांगा.

खरं सांगते: बहुतेक रस्त्यांवर नाही.

ट्रेलर साधारण पंचाहत्तर ते पंच्याऐंशी सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे बऱ्याच सायकलींच्या हँडलपेक्षा जास्त. तुमचं हँडल ज्या फटीतून जातं तिथून ट्रेलर जात नाही, आणि ते तुम्हाला दिसतही नाही कारण तो मागे आहे. उंची इतकी कमी की बसच्या, डंपरच्या चालकाला तो दिसेलच याची खात्री नाही. झेंडा उंच काठीवर लावतात तो त्यासाठीच. आणि मुलाचं नाक नेमकं रिक्षा-ट्रकच्या सायलेन्सरच्या उंचीवर.

एबी रोड, रिंग रोड, राजवाडा, सराफा: विचारही करू नका. सुपर कॉरिडॉर रुंद आहे म्हणून लोक सुचवतात. रुंद आहे म्हणूनच तिथे गाड्या सुसाट असतात. आम्ही कुठे नेतो? रविवारी सकाळी सहा ते आठ, कॉलनीच्या आतल्या गल्ल्या, आणि रेसिडेन्सी भागातले झाडांचे रस्ते. मोठा रस्ता ओलांडायची वेळ आली तर उतरून, ढकलत. ट्रेलर आणि सायकल गाडीच्या डिकीत घालून मोकळ्या जागी नेणारेही आहेत. मला तो आळशीपणा वाटायचा, आता शहाणपणा वाटतो.

तुमच्या घरापासून असा दोन-तीन किलोमीटरचा शांत रस्ता नसेल तर ट्रेलर घेऊ नका. स्वस्त असला तरी नाही, फुकट मिळाला तरी नाही. शाळेत सोडायला तर नकोच. साडेसात वाजता शाळेच्या फाटकासमोर काय चाललेलं असतं ते तुम्हाला माहीत आहे.

प्र. जोडणी कशी असते? आमच्या सायकलीला बसेल का?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात. पहिला विचारा.

ट्रेलरचा दांडा सायकलीच्या मागच्या एक्सलला, डाव्या बाजूनं जोडतात, म्हणजे चेन-गिअरची बाजू मोकळी राहते. एक्सलवर धातूची एक पट्टी बसते, दांड्याच्या टोकाला गोळा-खोबणीचा सांधा किंवा वळणारा रबरी तुकडा असतो. तो सांधा असा असतो की सायकल आडवी पडली तरी डबा सरळ उभा राहतो. याशिवाय एक सुरक्षा-पट्टा फ्रेमला गुंडाळायचा असतो. सांधा निसटला तर ट्रेलर वेगळा होऊन रस्त्यावर धावू नये म्हणून. तो पट्टा ‘नंतर लावू’ म्हणून पिशवीत राहतो. राहू देऊ नका.

आता तुमची सायकल. मागच्या चाकाला नट असतील (काळी सायकल, बहुतेक साध्या सायकली) तर पट्टीचं भोक आणि नटाच्या आतली जागा बघा. काळ्या सायकलीच्या एक्सलवर आधीच मेळा भरलेला असतो: मडगार्डच्या सळ्या, कॅरिअरचे पाय, स्टँड, वाशर. त्यात ही पट्टी घुसवली की नटाला आटे उरत नाहीत. नट पूर्ण बसून एक्सलचं टोक थोडं बाहेर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर लांब एक्सल टाकून घ्या. मिस्त्रीकडे ते किरकोळ काम आहे.

लिव्हरनं सुटणारं चाक असेल तर पट्टी सहसा थेट बसते, फक्त लिव्हरची सळी पुरेशी लांब हवी. नव्या डिस्क-ब्रेकच्या सायकलींत आरपार एक्सल असतो, बहुधा १२ मिलिमीटरचा. तिथे ट्रेलर कंपनीचा वेगळा एक्सल घ्यावा लागतो, आणि त्याची लांबी व आट्यांचं अंतर (१.०, १.५ किंवा १.७५ मिलिमीटर) जुळलंच पाहिजे. ‘जवळपास बसतो’ हा शब्द इथे नको.

सीटच्या दांडीला जोडायचे ट्रेलरही असतात. त्यांत ओढ उंचावरून येते, वळणावर सायकल डगमगते. सामानाला ठीक, मुलांसाठी मी घेणार नाही.

प्र. वजन किती चालतं?

दोन मुलांच्या ट्रेलरची मर्यादा बऱ्याचदा पंचेचाळीस किलो असते, सामानासकट. पण तुमची मर्यादा ट्रेलर ठरवत नाही, ब्रेक ठरवतो. हिशोब करा: ट्रेलर दहा-बारा किलो, मूल चौदा, पाण्याच्या बाटल्या, डबा, टॉवेल मिळून तीन. जवळजवळ तीस किलो मागून ढकलतायत. काळ्या सायकलीचे सळीचे ब्रेक आणि पोलादी रिम पावसात ओली झाली की पकड जवळजवळ जाते. बाबांच्या सायकलीला ट्रेलर आम्ही कधीच लावला नाही, त्यांनी दोनदा रुसून दाखवलं तरी. व्ही-ब्रेक (रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे) किंवा डिस्क, तेही नुकतेच तपासलेले.

सांध्यावर खाली पडणारा भार फार नको आणि उणाही नको. युरोपीय पुस्तिकांत तो साधारण तीन ते आठ किलो सांगतात. जड पिशवी मुलाच्या मागच्या खणात कोंबली की डबा मागे झुकतो आणि सायकलीचं मागचं चाक वर उचलू पाहतो. एकच मूल असेल तर पुस्तिकेत सांगितलंय तिथेच बसवा.

वेग सरळ रस्त्यावर पंचवीसच्या आत, वळणावर आठ. आठ म्हणजे चालण्यापेक्षा जेमतेम जास्त. ट्रेलर उलटतो तो बहुतेक एकाच रीतीनं: वळताना आतलं चाक फुटपाथच्या कडेवर किंवा गतिरोधकाच्या टोकावर चढतं. आपल्याकडे गतिरोधक किती आणि कसे, ते काय सांगू!

प्र. कोणत्या वयापासून?

मूल स्वतः ताठ बसतं, मान सावरतं, डोक्यावर हेल्मेट सहन करतं, तेव्हापासून. वर्षाच्या आतल्या बाळाला नको. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही हेच सांगते. परदेशी जाहिरातीत तान्हं बाळ झोळीत दिसतं, पण तिथला रस्ताही फोटोत बघा. जर्मनीत सायकल ट्रेलरमध्ये सात वर्षांपर्यंतची, जास्तीत जास्त दोन मुलं बसवता येतात आणि चालवणारा किमान सोळा वर्षांचा लागतो.

प्र. आपल्याकडे कायदा काय म्हणतो?

फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रानं नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी हार्नेस, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरच्या मर्यादेचा नियम काढला, तो मोटारसायकलीवर मागे बसवलेल्या मुलांसाठी आहे. सायकलीला तो लागू नाही. म्हणून काय हेल्मेट घालायचं नाही असं थोडंच आहे?

प्र. ट्रेलर की सायकलीवरची बाळ-सीट?

आपल्या गावात, एका मुलासाठी, बऱ्याचदा सीट. रुंदी वाढत नाही, मूल तुमच्या जवळ असतं, धुरापासून थोडं वर असतं, बोलता येतं. युरोपीय मानकात मागच्या सीटा पंधरा किंवा बावीस किलोपर्यंतच्या असतात, पुढच्या पंधरापर्यंत. उणी बाजू: सायकल पडली तर मूल उंचीवरून पडतं, आणि उभ्या सायकलीवर मूल बसलेलं असताना हात सोडायचा नाही, एक सेकंदही.

दांड्यावर बसवायची छोटी गादीची सीट अजून मिळते. मीही लहानपणी तिच्यावर बसून शाळेत गेले. आज नाही सुचवणार. पट्टा नाही, आणि पाय चाकाच्या आऱ्यांत जातो. मागे सीट लावाल तर साडी गार्ड काढू नका. ते आता साडीपेक्षा मुलांच्या पावलांच्या जास्त कामाचं आहे.

प्र. पंक्चर झालं तर ट्यूब कुठून आणायची?

घेण्याआधी टायरवर छापलेला आकडा वाचा. वीस इंचाला ४७-४०६ किंवा सोळा इंचाला ४७-३०५ असेल तर निर्धास्त राहा. लहान मुलांच्या सायकलींचा हाच साइज, कोपऱ्यावरच्या दुकानातही ट्यूब मिळते. त्याच वीस इंचात ४५१ लिहिलेला अरुंद टायरही असतो, तो इथे शोधत बसाल. व्हॉल्व्ह मोटारीसारखा असेल तर पेट्रोल पंपावरही हवा भरता येते, पण पंपाचा जोर जास्त असतो. थोडी थोडी भरा. हवा कमी असली तर ट्रेलर एका बाजूला ओढतो, जास्त असली तर चेंडूसारखा उडतो.

प्र. भावाकडून, नणंदेकडून परदेशातून मागवला तर?

आमचा तसाच आला, श्टुटगार्टहून. वजनाची अडचण नाही, हलके ट्रेलर नऊ-दहा किलोचे असतात. अडतं ते मापाशी. विमान कंपन्या लांबी-रुंदी-उंचीची बेरीज बहुधा १५८ सेंटिमीटर धरतात. घडी केलेल्या ट्रेलरचा खोका त्यात सहसा बसत नाही. चाकं आणि दांडा काढून दुसऱ्या बॅगेत घालायला सांगा, तिकीट काढतानाच मोठ्या सामानाचं विचारायला सांगा. आणि सायकलीच्या मागच्या एक्सलचा फोटो त्यांना आधी पाठवा. पट्टी किंवा एक्सल चुकीचा आला तर तो सुंदर ट्रेलर जिन्याखाली वर्षभर बसतो. आमचा पाच महिने बसला.

प्र. वापरलेला मिळतोय, घेऊ का?

सांध्याचं रबर वाकवून बघा. बारीक भेगा असतील तर तो भाग नवा मिळतो का ते आधी ठरवा, मग भाव करा. पट्ट्यांची बकलं दहा वेळा लावा-काढा. कापड उन्हात पडून राहिलेलं असेल तर नखानं ओरबाडल्यावर विरतं. टायरच्या कडेला भेगा, फ्रेमच्या सांध्यांना गंज. तळाच्या लेबलवरचा मॉडेल नंबर घेऊन कंपनीनं तो परत मागवला होता का ते शोधा. ट्रेलर एकदा जोरात उलटलेला असेल तर, कितीही चकाचक असला तरी, नको.

प्र. ऊन-पावसाचं काय?

पावसाचं प्लॅस्टिक कव्हर उन्हात लावलं की आत भट्टी होते. मार्च ते जून सकाळी आठच्या आत घरी, फक्त जाळी लावून. पावसात आम्ही काढतच नाही. खड्डा पाण्याखाली दिसत नाही.

प्र. आजी म्हणतात, पोराला डब्यात काय कोंबता. काय सांगू?

काही सांगू नका. त्यांना मोकळा ट्रेलर लावून गल्लीत दोन फेऱ्या दाखवा, मग पाच किलो गव्हाची पिशवी बांधून. आमच्या सासूबाईंनी पिशवी उतरवून पट्ट्या स्वतः ओढून पाहिल्या आणि म्हणाल्या, “हे डावीकडचं सैल आहे.” सैल होतंच. तसंही पहिल्या आठवड्यात मूल न बसवता सराव तुम्हालाच हवा असतो: वळण, ब्रेक, गतिरोधक.

प्र. ट्रेलर जोडलेली सायकल स्टँडवर घेता येते?

नाही. आधी सोडा.

प्र. मुलं मोठी झाल्यावर त्याचं करायचं काय?

लेक आता स्वतःची सोळा इंची चालवते, त्यामुळे आमचा ट्रेलर भाजी आणतो. आतली सीट निघते, तळ सपाट होतो, आणि चोइथराम मंडी आम्हाला जवळ आहे. मर्यादा तीच, पंचेचाळीस किलो. बटाट्याचा पन्नासाचा कट्टा त्यात बसत नाही, वीस-बावीस किलो आरामात येतात. पिशवीला पाचही पट्ट्या लावूनच निघते मी. मंडीतले हमाल हसतात.